झाडाखालची जमीन

२३ ऑक्टोबर २०१८, मंगळवार

ही वही आज सायवनच्या बाजारातून घेतली. जंगलजमिनीचे दावे तपासणाऱ्या सरकारी समितीच्या ऑफिसात बाबूने विचारलं, मागच्या वेळी कोण भेटलं होतं, कुठल्या तारखेला, काय म्हणाले. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हाल्याकाका म्हणाले, भात निसवत होता तेव्हा आलेलो. बाबू हसला. त्याचं ते हसणं मला लागलं. आजपासून कोण काय बोललं ते तारखेसकट लिहायचं.

तर आजचं. आमच्या पाड्याचे सगळे दावे फेटाळले. संध्याकाळी आईने विचारलं, फेटाळले म्हणजे काय, आता काय होणार. मी तिला परत सांगितलं की डोंगरावरची जमीन आपण कसतो, पण कागदावर ती जंगलखात्याची आहे. २००५ च्या आधीपासून कसत असलो तर ती आपल्या नावाने करून द्यायची असा कायदा आहे. म्हणून तर दावे भरले. आता ऑफिस म्हणतं, तुम्ही कसतच नव्हता.

ते म्हणण्याला त्यांच्याकडे फोटो आहे. उपग्रहाने आकाशातून काढलेला. बाबूने संगणकावर दाखवला. आमचा डोंगर सगळा हिरवागार. म्हणाला, यात शेत कुठे दिसतं ते दाखवा. बायजीफुई, म्हणजे माझ्या बाबाची मोठी बहीण, पुढे झाली आणि पडद्याला नाक लावून बघायला लागली. तिने विचारलं, माझं घर कुठं हाय. बाबूने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. म्हणाला, इथे काही नाही आजी, नुसती झाडं आहेत.

फुई म्हणाली, "मी त्या झाडांखालीच बसलेली असंन. वरून कशी दिसंन?"

बाबूने फोटो बंद केला. फेटाळल्याचं कारण लेखी द्या असं म्हटलं तर म्हणाला, येईल पोस्टाने. ते मागणारी मीच. खरं तर हाल्याकाका आमच्या पाड्याच्या समितीचे अध्यक्ष, बोलायचं त्यांनी. मला समितीत घेतलं ते लिहिता येतं म्हणून. पण त्यांना तेव्हा खोकला आला होता.

२६ ऑक्टोबर

अमृतदादा सुट्टीवर आलाय. तो गुजरातच्या बाजूला कंपनीत आहे, पंधरा दिवसांनी येतो. जेवताना त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे. ओढ्यापलीकडच्या लोकांना जमिनीचे पट्टे मिळाले ना? का मिळाले? त्यांनी झाडं साफ केली म्हणून. वरून शेत दिसतं. फुईने एवढे मोह, एवढे साग ठेवलेत कशाला? तोडून टाक म्हणावं.

मला हे ऐकून राग आला, आणि राग यासाठी आला की त्याचं खोटं नव्हतं. आमच्या आजाने आमच्या वाट्याची झाडं ठेकेदाराला देऊन टाकली होती. फुई नवरा गेल्यावर माहेरी आली. तिच्या वाट्याला आलेली झाडं तिने राखली. मोहाखाली नागली होत नाही, पण मोहाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत होते, वरई होते, आणि फांद्या राबाला येतात, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पसरून भाजायला. तिचं आख्खं वर्ष त्या झाडांवर चालतं. आता तीच झाडं तिच्या आड येतात.

बाबा हल्ली दम लागतो म्हणून कमीच बोलतो.

५ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

काल फुई सायवनला गेली असताना दादाने तिच्या शेतातला मोह पाडला. एकच पाडून झाला होता. दुसऱ्याला कुऱ्हाड लावली तेवढ्यात जंगलखात्याचा गार्ड आला. कुऱ्हाड काढून घेतली आणि दादाला नाक्यावर नेऊन बसवलं. हाल्याकाका आणि मी गेलो, विनवण्या केल्या, तेव्हा सोडला. पण गुन्हा नोंदवलाय. जंगलातलं झाड तोडलं असा.

फुई आली ती सरळ पडलेल्या झाडाजवळ गेली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने बुंध्यावरून हात फिरवला आणि दादाला विचारलं, "कुणाच्या भल्यासाठी केलंस?" दादा म्हणाला, तुझ्या. ती म्हणाली, "मग मला विचारायचं नाय का?"

त्यानंतर तिने आमच्याकडे पाणीही घेतलं नाही. दादा आज सकाळीच कामावर निघून गेला, सण सोडून. स्वार्थी आहे. आपलं करून मोकळा झाला.

१८ नोव्हेंबर, रविवार

तलासरीला आदिवासी संघटनेचं शिबिर होतं. उमेशसर शिकवायला होते. जमीन मोजायचं यंत्र आता फोनमध्ये येतं. शेताच्या बांधावरून फोन धरून चालायचं, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायचं, की फोनमध्ये शेताचा आकार उमटतो. मी जन्मात असं काही बघितलं नव्हतं. मैदानाला फेरी मारली तर पडद्यावर मैदान.

मी विचारलं, हेच यंत्र ऑफिसकडे आहे ना, मग ते आमच्या विरुद्ध कसं जातं? उमेशसर म्हणाले, यंत्र कोणाच्या बाजूचं नसतं, ते कोण कधी आणि कुठून वापरतं ते बघ. ऑफिसातला फोटो कुठल्या महिन्यातला होता ते विचारलंस का? मी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, पावसाळा संपल्यावर काढलेल्या फोटोत सगळा डोंगर हिरवाच दिसणार. उन्हाळ्यातला मागा. साग-पळस झडलेले असतात, आणि राब भाजल्याच्या काळ्या चौकटी दिसतात.

आणखी एक सांगितलं. नियमात लिहिलंय की नुसत्या उपग्रहाच्या फोटोवरून दावा फेटाळता येत नाही. म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा. जागेवर येऊन बघणं हे त्यांचं काम. मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं. सरकारनेच लिहिलेलं आहे हे, आणि सरकारच्या ऑफिसातल्या माणसाने आम्हाला कधी सांगितलं नाही. मग हे लिहिलं कोणासाठी?

माझ्या फोनमध्ये हे चालत नाही. जुना आहे.

१ डिसेंबर

दादा आला. माझ्यासमोर नवीन फोन ठेवला. म्हणाला, कंपनीच्या गेटवर एक जण विकत होता, स्वस्तात मिळाला. खोक्यात होता, सील न फोडलेला. कोणी असा विकतं का? मी काही विचारलं नाही. त्याने विचारलं, फुई कशी आहे. मी म्हटलं, जाऊन बघ. गेला नाही.

९ डिसेंबर, रविवार

मोजणी सुरू केली. पहिल्या दिवशी हाल्याकाकांचं शेत पडद्यावर धरणाच्या पाण्यात निघालं. सगळे हसून लोळले. काका म्हणाले, बरं झालं, आता मासे लावतो. मग कळलं की यंत्राला उघडं आकाश लागतं, फोन खिशात ठेवून चालत नाही, आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं. आमचं आलं, पाड्यातल्या रघ्याचं आलं, फुईच्या शेजारच्या जानीचं झाडीमुळे अर्धंच आलं.

फुईचं येत नाही. झाडांखाली गेलं की पडद्यावरचा ठिपका उड्या मारतो, कधी ओढ्यात, कधी कड्यावर. मी चार फेऱ्या मारल्या आणि रडकुंडीला आले. फुई बांधावर बसून बघत होती. म्हणाली, त्यालाबी मी दिसत नाय.

शेवटी शेताच्या बाहेरून, उघड्या कडेने मोठी फेरी घेतली. आकार आला, पण वेडावाकडा. ऑफिस मानेल का नाही माहीत नाही.

पाड्याच्या ग्रामसभेत अपिलाचा ठराव झाला. पेसा कायद्याने आमच्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा आहे, ग्रामपंचायतीला विचारत बसावं लागत नाही. ठराव मी लिहिला. आठवणीने लिहिलं: उन्हाळ्यातला फोटो मागवावा, जागेवर पाहणी करावी.

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

अपिलाची सुनावणी. सकाळी टेम्पोने निघालो. वरची समिती म्हणजे लांब टेबल आणि पलीकडे साहेब. मधले साहेब बरे वाटले, मान हलवून ऐकत होते. त्यांच्या डावीकडच्यांनी कागद चाळला आणि म्हणाले, तुमच्या लोकांनी नोव्हेंबरमध्ये झाड तोडलंय, गुन्हा दाखल आहे. तुम्हाला जमीन दिली तर जंगल राहील का?

हाल्याकाकांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे. मग मला उठावंच लागलं.

मी म्हटलं, "साहेब, झाडं राखली तर तुम्ही म्हणता इथे शेती नाही. तोडली तर म्हणता गुन्हा आहे. मग आम्ही कसं राहायचं ते एकदा लिहून द्या. तसं राहतो."

  मधल्या साहेबांनी उन्हाळ्यातला फोटो मागवायला सांगितलं. जागेवरच्या पाहणीचं विचारलं तर म्हणाले, बघू.

बाहेर आल्यावर फुई म्हणाली, तू बोलतेस बरी. मी सांगितलं, काकांनी बघितलं म्हणून बोलले. नाहीतर मी फक्त लिहिणारी.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

वाणगावला मिरचीच्या वाडीवर कामाला गेले होते. तिथे एकाच्या फोनवर बातमी आली. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलाय. ज्यांचे दावे फेटाळलेत त्यांना जुलैच्या आत जंगलातून बाहेर काढा. देशभर. लाखो घरं.

मी मिरचीची क्रेट तिथेच ठेवली आणि घरी आले. पाड्यावर बातमी माझ्या आधी पोहोचली होती. जानी विचारत होती, माणसं कुठे नेतात, गाडी आणतात का. तिच्या सुनेला सातवा महिना आहे. बाबा ओट्यावर बसून डोंगराकडे बघत होता. म्हणाला, मी काय जात नाय.

मी एवढी मोजणी केली, नियम वाचले, साहेबांशी बोलले, आणि कुठल्या तरी दूरच्या खोलीत एक कागद निघाला की संपलं? कायदाच हक्क देतो आणि कायदाच हाकलतो? आज पहिल्यांदा वाटलं की दादाचं बरोबर होतं. तोडायची होती सगळी झाडं, पहिल्या दिवशी.

हे वाक्य खोडणार नाही. वाटलं ते वाटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

ग्रामसभा. इतकी माणसं कधीच आली नव्हती. दादाही आला, कंपनीत न सांगता. काही जण म्हणाले, आत्ताच वलसाडकडे निघून जाऊ, नंतर धक्के मारून काढतील त्यापेक्षा बरं. रघ्या म्हणाला, गार्डच्या हातापाया पडू. हाल्याकाका म्हणाले, दक्षाने वाचून दाखवावं की अपिलाचं काय.

मी उभी राहिले. सांगितलं की आपलं अपील चालू आहे. अपील चालू असलेला दावा फेटाळलेला नसतो. तोवर कोणी आपल्याला हात लावू शकत नाही. आणि आपण आधीच पळालो तर नंतर तेच म्हणतील, बघा, इथे कोणी नव्हतंच.

मग ठराव झाला. कोणीही पाडा सोडायचा नाही. एप्रिलमध्ये दरवर्षीसारखा राब भाजायचा, सगळ्यांनी एकाच दिवशी. आणि एकालाही वगळून कोणी पट्टा घ्यायचा नाही. हे शेवटचं कलम मी घातलं. लिहिता लिहिता सुचलं म्हणून घातलं, आणि वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी हात वर केले. दादाने केला नाही.

१ मार्च

न्यायालयाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे थांबवला. उमेशसरांनी फोनवर सांगितलं की दावे कसे फेटाळले, नियम पाळले का, हे आता सगळ्या राज्यांना सांगावं लागणार. देशभर लोक रस्त्यावर आले होते. जानी म्हणाली, म्हणजे गाडी येणार नाय? मी म्हटलं, नाही. ती तिथेच मटकन बसली.

४ मार्च, सोमवार

अपिलाचा निकाल आला. उन्हाळ्यातल्या फोटोत राबाच्या काळ्या चौकटी दिसल्या. आमच्या, हाल्याकाकांच्या, रघ्याच्या, जवळजवळ सगळ्यांच्या. दावे मंजूर.

फुई आणि जानी, दोघींचे नामंजूर. कारण लिहिलंय: झाडीमुळे लागवड दिसून येत नाही. मोह चैत्रापर्यंत झडत नाही आणि फुईचा राब मोहाच्या सावलीत असतो. जागेवर कोणी आलंच नाही.

परवा कार्यक्रम आहे. निवडणुका लागायच्या आत पट्टे वाटायचेत. मंडप, पाहुणे, फोटो. गाडी पाठवणार आहेत.

दादा म्हणाला, ठराव गेला खड्ड्यात. हातात येतंय ते घे. फुईचं नंतर लढू, मी पण येईन. बाबाची तब्येत बघ. तो जिवंत असेपर्यंत त्याच्या नावाने एक कागद होऊ दे ना.

मी उठले. फुईकडे गेले तर ती म्हणाली, घ्या तुम्ही, माझ्यासाठी कोण थांबा म्हणतंय. तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

६ मार्च, बुधवार

सगळं नीट लिहायचंय.

मंडपात आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं होतं. आमच्यासारख्या आणखी पाड्यांची माणसं होती. फुई आणि जानीचं नाव नव्हतं तरी त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. आमच्यात काय ठरलंय म्हणावं तर काहीच ठरलं नव्हतं. हाल्याकाका दोनदा म्हणाले, बघू. मी मनात ठरवलं होतं की आमचं नाव आलं तर मी उठणार नाही. पण बाबाच्या जागी दादा जाणार होता, आणि त्याला मी काय सांगणार?

आमच्या पाड्यातलं पहिलंच नाव बाबाचं घेतलं. तुकाराम, आम्ही सगळे तुक्या म्हणतो. दादा उठला. मी मान खाली घातली.

तो पायऱ्या चढून वर गेला. पाहुण्यांनी कागद पुढे केला, फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. दादाने हात जोडले. कागद घेतला नाही. तसाच हात जोडून उभा राहिला, मग वळला आणि खाली आला.

पाहुण्यांना वाटलं घाबरला. दुसरं नाव घेतलं, हाल्याकाकांचं. काका जागेवरच उभे राहिले, नमस्कार केला, बसले. रघ्याने तसंच केलं. त्यानंतर आमच्या पाड्यातल्या ज्याचं नाव येईल तो माणूस उठायचा, नमस्कार करायचा, बसायचा. मंडपात कुजबुज सुरू झाली. सुनावणीतले मधले साहेब खाली उतरून आमच्याकडे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, हे काय चाललंय, तुमचं म्हणणं तरी काय आहे?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाही.

मी म्हटलं, "साहेब, अपमान करायचा नाही. कागद आम्हाला पाहिजे, त्यासाठी जन्म गेला. पण या दोघी आमच्या मधल्या शेतात राहतात. यांना तुम्ही आकाशातून बघितलंत. एकदा चालत या, खालून बघा. मग सगळ्यांचा एकदम द्या."

साहेब म्हणाले, आता आचारसंहिता लागेल, काही करता येणार नाही, हातातलं घालवताय. मी म्हटलं, तारीख द्या. ते म्हणाले, निवडणुकीनंतर. मी म्हटलं, सगळ्यांसमोर सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मंडपाकडे बघितलं. दुसऱ्या पाड्याची माणसं पण उभी राहून ऐकत होती. साहेबांनी माईक घेतला आणि सांगितलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः येतो.

परतीला गाडी मिळाली नाही. ती पट्टे घेतलेल्यांसाठी होती म्हणे. चालत निघालो. फुई दादाच्या बाजूने चालत होती.  मग तिने पदरात बांधलेल्या भाजलेल्या चिंचोक्यांतले थोडे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले.

मी दादाला काही सांगितलं नव्हतं. हे लिहून ठेवते.

१९ मार्च

बाबाला श्वास लागला म्हणून दोन दिवस सरकारी दवाखान्यात होतो. आता बरा आहे. खाटेवर पडून त्याने विचारलं, कागद कसा दिसत होता. मी म्हटलं, मी लांबून बघितला, रंगीत होता.

माझी झोप गेलीय. साहेबांची बदली झाली तर? जूनमध्ये कोणी आलंच नाही तर? रघ्याची बायको परवा पाणवठ्यावर म्हणाली, लिहिता येतं म्हणून दुसऱ्याच्या जमिनीचा जुगार खेळली. मी हंडा उचलला आणि आले.  तिचं पोरगंही त्या जमिनीवरच वाढतंय.

तरी परत ती वेळ आली तर मी तेच करीन. हे ठरवून लिहीत नाही. लिहून बघितलं तर हेच उतरलं.

२२ एप्रिल, सोमवार

आज राब भाजला. सगळ्या पाड्याने, एकाच सकाळी. गार्ड दोन माणसं घेऊन आला आणि म्हणाला, मंजुरीचा कागद नाही, तोवर हे जंगल आहे, आग लावाल तर आत टाकीन. फुईने आपल्या राबावरचा पालापाचोळा नीट केला, भोवतीची पानं झाडून घेतली, म्हणजे आग बाहेर जाऊ नये, आणि काडी ओढली. गार्ड तिच्याकडे धावला. तेवढ्यात जानीच्या शेतातून धूर निघाला, मग हाल्याकाकांच्या, मग वरच्या अंगाला आमच्या. आमचा राब दादाने पेटवला. गार्ड मध्येच उभा राहिला, कुणाकडे जावं त्याला कळेना.

मी त्याला स्थगितीच्या आदेशाची प्रत दिली. त्याने वाचली. वाचायला खूप वेळ लावला. मग म्हणाला, मला वरून फोन येतो ताई, मी काय करू. मी म्हटलं, तुम्ही लिहा की राब भाजला. कुठे कुठे भाजला ते बरोबर लिहा. आम्हाला तेच पाहिजे.

दुपारपर्यंत डोंगरावर काळे चौकोन दिसायला लागले. फुईचा सगळ्यात लहान, झाडांच्या मध्ये.

७ जून, शुक्रवार

साहेब आले. तेच साहेब. मोजणीवाला आणि बाबूला घेऊन, चालत. पाड्यापासून फुईच्या शेतापर्यंत चढ आहे, वर पोहोचेपर्यंत त्यांचा शर्ट भिजला होता. पाऊस अजून लागायचा होता, नुसती घामट हवा. मोजणीवाल्याचं यंत्र माझ्या फोनपेक्षा चांगलं, तरी झाडाखाली तेही उड्या मारत होतं. तो वैतागला. मी त्याला बाहेरून फेरी कशी घ्यायची ते दाखवलं, आणि जिथे झाडांत फट आहे तिथे थांबायला सांगितलं. तिथे चालतं. जानीचंही तसंच मोजलं.

साहेब मोहाखाली बसले. फुईचा जबाब घेतला. किती वर्षं कसता याचं उत्तर तिने वर्षांत दिलं नाही. कुठला बांध कुणाच्या हातचा, कुठल्या बांधाखाली दगड लागले, धाकली म्हणून तिची मुलगी होती ती कुठल्या पावसाळ्यात तापाने गेली आणि कुठे पुरली, ते चालत चालत दाखवलं. बाबू लिहीत होता. त्या जागी आल्यावर त्याने लिहिणं थांबवलं. साहेब म्हणाले, हे पण लिहा.

जाताना साहेबांनी मला विचारलं, तुम्ही समितीच्या अध्यक्ष का? मी म्हटलं, नाही, अध्यक्ष हाल्याकाका. काका मागून म्हणाले, होतो.

१२ जुलै, शुक्रवार

पट्टे मिळाले. कार्यक्रम नाही, मंडप नाही. बाबू पिशवीतून घेऊन पाड्यावर आला. भाताची लावणी चालू होती. माणसं चिखलाचे पाय घेऊन शाळेच्या ओट्यावर जमली. मी प्रत्येकाचा कागद मोठ्याने वाचला आणि मगच हातात दिला. बाबाने त्याचा दोन्ही हातांत धरला, पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितला. वाचता येत नाही त्याला. दादा शेजारी बसून बोटाने त्याचं नाव दाखवत होता. जानीला सगळी जमीन मिळाली.

फुईला अर्धी. झाडांमधले मोकळे पट्टे तेवढे लिहिलेत. झाडांखालची जमीन वगळली. मी वाचताना थांबले. परत वाचलं. तेच होतं.

 दादा म्हणाला, परत करू, सगळ्यांचे परत करू. आणि त्याने बाबाच्या हातातला कागद घ्यायला हात पुढे केला.

फुईने त्याचा हात धरला. म्हणाली, "नाय. हे माझं हाय, हे घेते. राहिलेलंबी माझं हाय, तेबी घेणार." मग मला म्हणाली, मी अंगठा देते त्याच्या खाली लिही की कमी दिली.

बाबू म्हणाला, तिथे लिहायला जागा नाही. मी पोचपावती त्याच्या हातातून घेतली, अंगठ्याच्या खाली लिहिलं: क्षेत्र कमी मिळाले, मान्य नाही, अपील करणार. सही केली आणि खाली लिहिलं, दक्षा तुकाराम, अध्यक्ष. सवय नाही अजून. मागच्या ग्रामसभेत सगळ्यांनी केलं, मी नको म्हणत होते.

बाबूने वाचलं. घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

२१ जुलै, रविवार

अपील दिलं. पोच घेतली, शिक्का मारून.

आज फुईच्या शेतात वरई लावायला गेले. दादाही होता, त्याने कंपनीतून महिनाभराची सुट्टी घेतलीय. पाऊस थोडा उघडला होता. खालच्या वाटेने गार्ड सायकल ढकलत चालला होता. आमच्याकडे बघून त्याने मान हलवली आणि पुढे निघाला.

फुईने कंबर सरळ केली, चिखलाचा हात कपाळाला लावला आणि वरून त्याला हाक मारून सांगितलं, अपील केलंय.

त्याने काही विचारलं नव्हतं.